एका अक्षराचा माग : सिकलसेलच्या आधारे पेशी व रेणवीय जीवशास्त्राचा अभ्यास कसा करावा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात बायोकेमिस्ट्रीच्या तासांना डीएनएची प्रतिकृती, ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन, जनुकांचे नियमन आणि प्रयोगशाळेतील तंत्रे ही प्रकरणे एकामागून एक येतात. विद्यार्थी प्रत्येक प्रकरण वेगळे पाठ करतो, विकरांची (एन्झाइमांची) नावे तक्त्यात लिहून ठेवतो, परीक्षेत त्यांचा उपयोग करतो आणि दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी व फार्माकॉलॉजी सुरू झाल्यावर त्यातले बहुतेक विसरतो. याला स्मरणशक्ती कारणीभूत नसते. या प्रकरणांना जोडणारा एखादा रुग्ण, एखादा रेणू किंवा एखादा प्रश्न विद्यार्थ्यासमोर ठेवलेलाच नसतो, आणि जे कशालाही जोडलेले नाही ते टिकत नाही.

म्हणून येथे सुचवलेली पद्धत अशी आहे की एक आजार निवडावा आणि त्याच्याच वाटेने या विषयाची सगळी प्रकरणे क्रमाने पार करावीत. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी हा आजार सिकलसेल (हिमोग्लोबिनमधील बिघाडाने लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण शास्त्रीय आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतभाराच्या बाबतीत वेगळे असते हे दाखवले आणि या आजाराला ‘रेणवीय आजार’ म्हटले, तर १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रम यांनी हा सगळा फरक केवळ एका अमिनो आम्लाचा आहे हे सिद्ध केले. रेणूतील बदलापासून रुग्णाच्या वेदनेपर्यंतची साखळी इतकी पूर्ण उलगडलेले आजार थोडे आहेत. दुसरे कारण आपल्या भूमीचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची (एकच सदोष जनुक असलेल्या व्यक्तींची) नोंद १९५८ मध्येच प्रसिद्ध केली होती. राज्यातील शासकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा रुग्ण वॉर्डात भेटण्याची शक्यता मोठी आहे, आणि जे पुस्तकात वाचले ते खाटेवर दिसले की विसरणे अवघड होते.

साहित्य थोडेच लागते. एक मोठ्या पानांची कोरी वही, पेन्सिल, कोडॉनचा (एकेका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरी गटांचा) तक्ता, तुमच्या महाविद्यालयात चालणारे बायोकेमिस्ट्रीचे कोणतेही प्रमाण पाठ्यपुस्तक आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाचा क्रम, जो अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राच्या सार्वजनिक संकेतस्थळावर एचबीबी या नावाने विनामूल्य मिळतो.

पहिले काम : तीस अक्षरे हाताने लिहिणे

एचबीबी हे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. त्याची लांबी सुमारे १६०० अक्षरांची (ए, टी, जी, सी या बेसची) आहे, त्यात तीन एक्सॉन (अंतिम आरएनएत टिकणारे भाग) आणि दोन इंट्रॉन (कापून टाकले जाणारे भाग) आहेत, आणि त्यापासून तयार होणाऱ्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. वहीच्या पहिल्या पानावर या जनुकाच्या कोडिंग धाग्याची सुरुवातीची अक्षरे तीन-तीनच्या गटांत लिहावीत : एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी, एएजी, टीसीटी. डाव्या टोकाला पाच-प्राइम आणि उजव्या टोकाला तीन-प्राइम अशी धाग्याची दिशा दाखवणारी खूण न विसरता करावी. त्याखाली पूरक, म्हणजे टेम्प्लेट धागा लिहावा : टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी, सीटीसी, टीटीसी, एजीए. या धाग्याची टोके उलट असतात, म्हणजे डावीकडे तीन-प्राइम येते. त्याखाली आरएनए लिहावा आणि कोडॉनच्या तक्त्यावरून अमिनो आम्ले लावावीत : मेथिओनीन, व्हॅलिन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसीन, सेरीन.

हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळू नये. आरएनए पॉलिमरेज हे आरएनए तयार करणारे विकर टेम्प्लेट धागा तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे वाचते आणि नवा धागा पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे वाढतो, हे वाक्य अनेकांना तोंडपाठ असते, तरीही प्रत्यक्ष अक्षरे दिली की निम्म्या वर्गाचा आरएनए उलटा येतो. हाताने चार ओळी एकाखाली एक लिहिल्यावर आरएनएचा क्रम कोडिंग धाग्यासारखाच असतो, फक्त टीच्या जागी यू येतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसते आणि त्यानंतर दिशेची चूक सहसा होत नाही.

आता मोजणी करावी. बीटा साखळीतील १४६ कोडॉन, सुरुवातीचा मेथिओनीनचा एक आणि शेवटचा थांबा-कोडॉन असे मिळून १४८ कोडॉन होतात, म्हणजे ४४४ अक्षरे. मग १६०० पैकी उरलेली अक्षरे कशासाठी आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा. दोन इंट्रॉन साधारण १३० आणि ८५० अक्षरांचे आहेत आणि दोन्ही टोकांना भाषांतर न होणारे भाग आहेत, हे उत्तर शोधताना जनुकाची रचना हे प्रकरण वाचून होते.

याच पानावर आणखी एक गोंधळ मिटवावा. सुरुवातीचे मेथिओनीन साखळीतून नंतर काढून टाकले जाते. म्हणून जुन्या पद्धतीने मोजताना व्हॅलिन पहिले आणि ग्लुटामिक आम्ल सहावे ठरते, तर जनुकीय अहवालांच्या आजच्या पद्धतीत मेथिओनीनपासून मोजणी होत असल्यामुळे तेच स्थान सातवे ठरते. पाठ्यपुस्तकात सहावे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात सातवे दिसले, तरी दोन्ही ठिकाणी एकाच बदलाची नोंद असते.

दुसरे काम : अक्षरे बदलून पाहणे

सहाव्या स्थानावरील जीएजीमधील मधल्या एच्या जागी टी लिहिला की जीटीजी होते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. हेच सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएस. एच्या जागी टी येणे म्हणजे प्युरीनच्या जागी पिरिमिडीन येणे, म्हणून हा ट्रान्सव्हर्जन प्रकारचा बदल आहे. आता त्याच कोडॉनच्या पहिल्या जीच्या जागी ए लिहावा. एएजी म्हणजे लायसीन, आणि ते हिमोग्लोबिन एचबीसी या नावाने ओळखले जाते. तिसऱ्या जीच्या जागी ए लिहिल्यास जीएए होते, पण त्याचाही अर्थ ग्लुटामिक आम्ल असाच असल्यामुळे प्रथिनात काहीच बदलत नाही. मधला ए पूर्ण गाळला तर त्यापुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि बीटा साखळी तयारच होत नाही. हा बदल भूमध्य समुद्राभोवतीच्या थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिनची साखळी कमी किंवा मुळीच तयार न होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत खरोखर आढळतो. मिसेन्स (अमिनो आम्ल बदलणारा), सायलेंट (काहीच न बदलणारा) आणि फ्रेमशिफ्ट (वाचनचौकट सरकवणारा) या तीन बदलांच्या व्याख्या एकाच कोडॉनवर अशा रीतीने समजतात.

यानंतर १२१ व्या कोडॉनकडे जावे, कारण तो शिकवण्यासाठीच निर्माण झाल्यासारखा आहे. तेथे जीएए, म्हणजे ग्लुटामिक आम्ल आहे. पहिल्या अक्षराच्या जागी सी आला की सीएए, म्हणजे ग्लुटामिन होते आणि एचबीडी-पंजाब मिळते. तेथे ए आला की एएए, म्हणजे लायसीन होते आणि एचबीओ-अरब मिळते. तेथे टी आला की टीएए हा थांबा-कोडॉन तयार होतो आणि थॅलेसेमिया होतो, तोही असा की एकाच पालकाकडून हे जनुक आले तरी आजार दिसतो. एकाच जागेवरील तीन वेगवेगळ्या अक्षरांमुळे तीन वेगवेगळे परिणाम होतात.

शेवटच्या उदाहरणाजवळ थोडे थांबावे, कारण त्यातून एक खोल गोष्ट कळते. भारतात आढळणाऱ्या थॅलेसेमियाच्या बदलांपैकी एकात १५ व्या कोडॉनमधील टीजीजीचे टीएजी होते, म्हणजे तेथेही थांबा-कोडॉनच तयार होतो. पण त्या जनुकाची एकच प्रत असलेली व्यक्ती साधारण निरोगी वाहक असते. असे का? पेशी अकाली थांबा असलेला आरएनए ओळखून नष्ट करते. या व्यवस्थेला नॉनसेन्स-मीडिएटेड डीके म्हणतात. स्प्लायसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून एक्सॉन जोडणे, झाल्यावर एक्सॉनच्या सांध्याजवळ प्रथिनांचा एक गट चिकटून राहतो, आणि पुढे असा सांधा शिल्लक असतानाच प्रथिन तयार करणारा रायबोसोम थांबला, तर तो आरएनए सदोष मानला जातो. १५ वा कोडॉन पहिल्या एक्सॉनमध्ये आहे, त्यामुळे त्याच्यापुढे सांधे उरतात, आरएनए नष्ट होतो आणि दुसऱ्या चांगल्या जनुकावर शरीराचे भागते. १२१ वा कोडॉन मात्र शेवटच्या एक्सॉनमध्ये आहे, पुढे सांधाच नाही, म्हणून सदोष आरएनए वाचतो, अर्धवट साखळ्या तयार होतात आणि त्या रक्तपेशीच्या पूर्वजाला आतून विषारी ठरतात. काहीच तयार न होण्यापेक्षा चुकीचे तयार होणे कधीकधी अधिक घातक असते, हे सूत्र पुढे अनेक आजारांत उपयोगी पडते.

स्प्लायसिंगचे प्रकरणही याच जनुकावर वाचावे. भारतातील बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा बदल पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे, तेथे जीच्या जागी सी आलेला असतो. प्रथिनाच्या क्रमातील एकही अक्षर त्याने बदललेले नाही, तरी आजार तीव्र असतो, कारण इंट्रॉन कापण्याची जागा दुबळी होते आणि स्प्लायसिओसोम (स्प्लायसिंग करणारा रेणूंचा संच) जवळच्या चुकीच्या जागा वापरू लागतो. त्याच इंट्रॉनच्या अगदी पहिल्या अक्षरात जीच्या जागी टी आला, तर प्रत्येक इंट्रॉनच्या सुरुवातीला जवळजवळ अनिवार्य असलेली जीटी ही जोडीच मोडते आणि त्या जनुकापासून बीटा साखळी मुळीच मिळत नाही. बीटा-प्लस (थोडी बीटा साखळी मिळते तो) आणि बीटा-शून्य (मुळीच मिळत नाही तो) थॅलेसेमिया यांतील फरक व्याख्येने पाठ करण्यापेक्षा या दोन अक्षरांवरून समजून घ्यावा.

तिसरे काम : रेणूतून पेशीकडे जाणे

येथपर्यंत सगळे कागदावर घडले. आता खरा प्रश्न असा की १४६ पैकी एक अमिनो आम्ल बदलल्याने माणसाला असह्य वेदना का व्हाव्यात? उत्तर लिहिताना प्रत्येक पायरीवर ‘म्हणून काय होते’ असे विचारत पुढे जावे आणि एकही पायरी गाळू नये.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून दूर राहते. सहावे स्थान रेणूच्या पृष्ठभागावर आहे, त्यामुळे पाण्याला टाळणारा एक ठिपका बाहेरच्या बाजूला उघडा पडतो. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५ व्या फेनिलॲलनिन व ८८ व्या ल्युसीनजवळ एक खोबण उपलब्ध होते, ज्यात हे व्हॅलिन नेमके बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात आणि पेशी कोयत्याच्या आकाराची होते. ऑक्सिजनयुक्त अवस्थेत ही जोडणी होत नाही, म्हणून पेशी फुप्फुसातून जाताना पुन्हा सैल होऊ शकते. पण वारंवार ताण पडल्याने पडदा कायमचा बिघडतो.

या जागी पडद्याचे जीवशास्त्र वाचावे. तंतूंमुळे पडदा ताणला की कॅल्शियम आत येते, त्यामुळे गार्डोस हे पडद्यातील पोटॅशियमचे चॅनेल उघडते, पोटॅशियम बाहेर जाते आणि त्यामागून पाणीही जाते. पेशी कोरडी झाली की आतल्या हिमोग्लोबिनची घनता वाढते, आणि तंतू तयार होण्याचा वेग घनतेवर फार तीव्रपणे अवलंबून असल्यामुळे थोड्याशा कोरडेपणानेही संकट ओढवते. सिकलसेलच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला का सांगतात, ताप, जुलाब किंवा उन्हातली मजुरी त्याला का बाधते, याचे उत्तर या वाक्यांत आहे. पडद्याच्या आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या थरात येणे, पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटणे, फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनने नायट्रिक ऑक्साइड शोषून घेणे आणि १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवसांतच पेशीचे आयुष्य संपणे हे पुढचे टप्पे पाठ्यपुस्तकातून याच क्रमाने जोडावेत.

वाहक व्यक्तीत प्रत्येक पेशीत सामान्य हिमोग्लोबिन जास्त आणि एचबीएस सुमारे ३५ ते ४० टक्के असल्यामुळे तंतू तयार होण्यास लागणारा वेळ पेशी केशवाहिनीतून पार होण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठरतो. अपवाद मूत्रपिंडाच्या गाभ्याचा आहे, जेथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षारांचे प्रमाण मोठे असते. म्हणून अन्यथा निरोगी असलेल्या वाहकाची मूत्र घट्ट करण्याची क्षमता कमी झालेली आढळू शकते.

एक छोटा प्रश्न मला प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावासा वाटतो : परिपक्व लाल पेशीला केंद्रकच नाही, मग रक्ताच्या नमुन्यातून सिकलसेलची डीएनए तपासणी कशी होते? डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळतो. जनुक शरीरातील सर्व केंद्रकयुक्त पेशींत असते, पण त्याची अभिव्यक्ती लाल पेशींच्या पूर्वजांतच होते, आणि जनुक असणे व जनुक चालू असणे यांतील भेद या एका प्रश्नात पक्का होतो.

चौथे काम : तंत्रे प्रश्नांच्या रूपाने शिकणे

तंत्रांचे प्रकरण बहुतेक विद्यार्थी शेवटी आणि घाईत वाचतात. प्रत्येक तंत्रासमोर ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, एवढे लिहावे.

विद्राव्यता चाचणीत सोडियम डायथायोनाइटने ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि एचबीएस असल्यास द्रावण गढूळ होते. एचबीएस आहे की नाही, एवढेच ती सांगते. रुग्ण आणि वाहक यांत ती फरक करू शकत नाही, आणि नवजात बालकात गर्भाचे हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे ती फसवू शकते.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विद्युतक्षेत्रात रेणू वेगळे करण्याच्या तंत्रात) भाराचे गणित स्वतः मांडावे. आम्लारीधर्मी माध्यमात हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे जाते. एचबीएसमध्ये प्रत्येक बीटा साखळीमागे एक ऋण भार कमी होतो, म्हणजे चार साखळ्यांच्या रेणूत दोन. एचबीसीमध्ये ऋण भार जाऊन धन भार येतो, म्हणून रेणूमागे चारचा फरक पडतो. त्यामुळे सामान्य हिमोग्लोबिन सर्वांत पुढे, त्यामागे एचबीएस आणि बरेच मागे एचबीसी असा क्रम लागतो. आता १२१ व्या कोडॉनवरील एचबीडी-पंजाब कोठे येईल, ते पाठ्यपुस्तक न उघडता सांगावे. तेथेही ग्लुटामिक आम्ल जाऊन भाररहित ग्लुटामिन आलेले आहे, म्हणून ते एचबीएसच्या बरोबरच धावते आणि केवळ या चाचणीवर विसंबल्यास निदान चुकू शकते. विद्राव्यता चाचणी मात्र एचबीडीमध्ये नकारार्थी येते आणि एचपीएलसीमध्ये (स्तंभातून सोडून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीत) दोघे वेगळे दिसतात.

ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या निर्बंधक विकरांसाठीही हेच जनुक घ्यावे. एमएसटी-दोन हे विकर सीसीटी, मग कोणतेही एक अक्षर आणि नंतर एजीजी असा क्रम दिसला की डीएनए कापते. वहीच्या पहिल्या पानावर पाचवा, सहावा आणि सातवा कोडॉन पाहावा : सीसीटी जीएजी जी येथे कापण्याची जागा आहे. सिकलच्या जनुकात मधल्या एचा टी झाल्याने ती जागा नाहीशी होते, म्हणून सामान्य जनुकातून सुमारे ११५० अक्षरांचा तुकडा मिळतो तेथे सिकलच्या जनुकातून १३५० अक्षरांचा मिळतो, आणि वाहकात दोन्ही मिळतात. एचबीसीच्या जनुकात काय होईल? तेथे सीसीटी एएजी जी असा क्रम आहे, बदललेले अक्षर नेमके ‘कोणतेही एक’ या स्थानावर पडते, म्हणून विकर कापतेच आणि ही तपासणी एचबीसी ओळखू शकत नाही. आज ही पद्धत मागे पडून पीसीआरवर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याच्या तंत्रावर) आधारित पद्धती आणि थेट क्रमवाचन पुढे आले आहेत, तरी विकराची निवडकता समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शेवटी चार काल्पनिक एचपीएलसी अहवाल मांडून बसावे. सामान्य हिमोग्लोबिन एचबीएसपेक्षा जास्त असेल तर व्यक्ती बहुधा वाहक आहे. दोन्ही आहेत पण एचबीएस जास्त आहे, अशा वेळी एका जनुकात सिकल आणि दुसऱ्यात बीटा-प्लस थॅलेसेमिया असण्याचा विचार करावा. सामान्य हिमोग्लोबिन मुळीच नसेल तर दोन्ही जनुके सिकलची असतील किंवा एक सिकलचे आणि दुसरे बीटा-शून्य थॅलेसेमियाचे असेल. या दोहोंतील निवड करताना लाल पेशीचा आकार, एचबीए-टू या एरवी अल्प प्रमाणात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि मुख्य म्हणजे आईवडिलांचे अहवाल पाहावे लागतात. आणि कोणताही अहवाल वाचण्यापूर्वी रुग्णाला नुकतेच रक्त चढवले आहे काय, हे विचारावे, कारण तसे असल्यास दिसणारे सामान्य हिमोग्लोबिन दात्याचे असते.

पाचवे काम : जनुकाचे नियमन आणि औषधे

सिकलसेलचे बाळ जन्मतः निरोगी दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो, या निरीक्षणापासून नियमनाच्या प्रकरणाला सुरुवात करावी. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या तंतूत सामावत नाहीत. जन्माच्या सुमारास गॅमाची जनुके मंदावतात आणि बीटाचे जनुक जोर धरते. या बदलात बीसीएल-अकरा-ए हे प्रथिन गॅमाची जनुके दाबून ठेवण्याचे काम करते. एन्हान्सर (जनुकाचा जोर वाढवणारा डीएनएचा भाग), रिप्रेसर (जनुक दाबणारे प्रथिन), क्रोमॅटिनची (डीएनए व प्रथिनांच्या गुंडाळीची) रचना आणि मिथिलेशन (डीएनएवर मिथाइल गट लागणे) हे शब्द या एका स्थित्यंतराभोवती वाचले, तर ते कोरडे राहत नाहीत.

त्यानंतर हायड्रॉक्सियुरियाकडे यावे. हे औषध रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला रोखते, त्यामुळे डीएनए तयार करण्यासाठी लागणारे डीऑक्सिन्यूक्लिओटाइड कमी पडतात आणि पेशी एस, म्हणजे डीएनए तयार करण्याच्या, टप्प्यात अडखळते. अस्थिमज्जेतील लाल पेशींच्या निर्मितीचा क्रम त्यामुळे बदलतो आणि गर्भाचे हिमोग्लोबिन असलेल्या पेशींचे प्रमाण वाढते. विद्यार्थ्याने येथे तीन निष्कर्ष स्वतः काढावेत. हे औषध परिपक्व पेशीवर नव्हे, पूर्वज पेशीवर काम करते, म्हणून त्याचा पूर्ण परिणाम दिसायला महिने लागतात. ते डीएनएच्या निर्मितीत अडथळा आणते, म्हणून पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही कमी होऊ शकतात आणि नियमित रक्ततपासणी अनिवार्य ठरते. डीएनए मागे पडतो पण पेशीद्रव्य वाढत राहते, म्हणून लाल पेशींचा सरासरी आकार वाढतो, आणि हा आकार रुग्ण औषध नियमित घेतो की नाही याचा अंदाज देतो.

क्रिस्परचे, म्हणजे जनुकसंपादनाचे, प्रकरणही आता येथेच बसते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही या उपचारात सिकलचे अक्षर दुरुस्त केलेले नसते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून, बीसीएल-अकरा-ए जनुकाचा लाल पेशींपुरता काम करणारा एन्हान्सर कॅस-नाइन या डीएनए कापणाऱ्या विकराने कापला जातो, पेशी तो तुटलेला धागा घाईने जोडताना काही अक्षरे गमावते, एन्हान्सर निकामी होतो आणि दाबलेल्या गॅमाच्या जनुकांना पुन्हा वाव मिळतो. मूळ बिघाड तसाच ठेवून त्याला वळसा घालणारा हा विचार समजण्यासाठी डीएनएची दुरुस्ती, एन्हान्सर आणि गॅमा-बीटा स्थित्यंतर या तिन्ही गोष्टी आधी यायला हव्यात. या उपचारासाठी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते आणि खर्च प्रचंड आहे, हेही लिहून ठेवावे, कारण गडचिरोलीच्या रुग्णासाठी आजचा खरा आधार हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण, फॉलिक आम्ल आणि वेळेवर उपचार हाच आहे.

भारतात अरब-भारतीय हॅप्लोटाइप (सिकल जनुकाभोवतीच्या, एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांचा संच) प्रामुख्याने आढळतो आणि त्यात गर्भाचे हिमोग्लोबिन तुलनेने जास्त असते, म्हणून येथील आजार सौम्य असतो, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. हे विधान सरसकट लागू करू नये. विदर्भातील रुग्णांत तीव्र आजारही नोंदवला गेला आहे, आणि खाटेवरील रुग्णाच्या वेदनेचे मोजमाप हॅप्लोटाइपवरून करणे हे वैद्यकाला शोभणारे नाही.

सहावे काम : मराठीत समजावून सांगणे

वाचन पुरे झाले की वही मिटून कोऱ्या कागदावर अक्षरापासून वेदनेपर्यंतची साखळी आठवणीने काढावी आणि प्रत्येक बाणावर कारण लिहावे. जेथे बाण आहे पण कारण सुचत नाही, तेवढेच प्रकरण पुन्हा वाचावे. आठवड्याला एक काम या गतीने हा अभ्यास नियमित तासांबरोबर सहज चालतो. दुसऱ्या कामाला मात्र दोन आठवडे द्यावेत.

त्यानंतर एका मित्राला रुग्णाची आई मानून हा आजार तिला मराठीत, एकही तांत्रिक शब्द न वापरता सांगावा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि एका बाळाला आजार झाला म्हणून पुढची तीन सुटत नाहीत, हे सांगायला वाटते त्याहून कठीण आहे. दोष आईचा आहे असा समज घराघरांत आढळतो. आजार व्हायला दोन्ही बाजूंनी एकेक सदोष जनुक यावे लागते, हे वाक्य तिच्या सासरच्या माणसांसमोर स्पष्टपणे उच्चारता आले पाहिजे. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे आणि वाहक मुलीच्या लग्नात त्यामुळे अडथळा येण्याचे कारण नाही. जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यावी आणि दोघेही वाहक असतील तर गर्भाच्या तपासणीची सोय आहे, एवढेच सांगायचे असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात कोट्यवधी लोकांची तपासणी होत असताना हे संभाषण करू शकणारे डॉक्टर गावोगाव लागणार आहेत.

हा माग पुरा झाला की दुसरा स्वतः निवडावा. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन त्यासाठी उत्तम आहे : ते जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला रोखते, त्या विकराच्या बीटा घटकाच्या जनुकातील छोट्याशा भागात बदल झाला की औषध लागू पडत नाही, आणि सीबीनॅट यंत्र किंवा गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट नेमका हाच बदल पीसीआरने शोधते. वहीच्या नव्या पानावर ‘मानवी पेशीचे आरएनए पॉलिमरेज या औषधाने का थांबत नाही’ हा प्रश्न लिहून सुरुवात करावी.